कपोत आणि आबा



आजचं वाचन एकनाथी भागवत, अध्याय सातवा, शेवटचा भाग. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतोय. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य असे मोठमोठे गुरू होतात आणि आठवा गुरू येतो तो एक साधं कबुतर. कपोत.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. कपोत आणि कपोती रानात झाडावर घरटं बांधून राहतात. एकमेकांवर अतोनात जीव. तिला जे हवं ते तो कितीही कष्ट पडले तरी आणून देतो. पिल्लं होतात, त्यांची चिवचिव ऐकण्यात दोघांचे दिवस जातात. एक दिवस दोघं चारा आणायला गेलेले असताना पारधी जाळं टाकतो आणि पिल्लं अडकतात. आई येते, आक्रोश करत जाळ्यात शिरते. मग कपोत येतो. त्याला जाळं स्पष्ट दिसतंय, आत तडफडणारी बायको-मुलं दिसतायत, आणि तो डोळ्यांदेखत स्वतःहून त्यात पडतो. पारधी सगळ्यांना उचलतो आणि काम झालं म्हणून घरी जातो. अवधूताचं म्हणणं, माणसाचा जन्म म्हणजे मोक्षाचं उघडं दार, आणि तो मिळूनही जो या पाखरासारखा घरातच अडकला तो वर चढून खाली पडला.

या महिन्यात हा भाग वाचणं मला जड गेलं. आमचे आबा गेले, शहाऐंशीव्या वर्षी. दशक्रियेच्या दिवशी घाटावर नात्यातले एक वडीलधारे म्हणाले, "घर घर करता करताच गेले बिचारे. देवाधर्माचं राहूनच गेलं." वाईट हेतू नव्हता त्यांचा. पण सातवा अध्याय उघडला आणि तेच वाक्य समोर आलं. म्हणजे आमचे आबा कपोत होते का?

आबा एसटीत कंडक्टर होते, शेवगाव डेपोला. नाथषष्ठीला पैठणला जादा गाड्या सुटायच्या. हजारो वारकरी त्यांनी तिकिटं फाडून नाथांच्या दारात उतरवले, आणि स्वतः स्टँडवरूनच हात जोडून डबल बेल देऊन परत फिरले. रिटायर झाल्यावर सावकाश वाऱ्या करू म्हणायचे. तर दुसऱ्याच वर्षी आजीला अर्धांगवायूचा झटका आला. पुढची नऊ वर्षं आबांनी गाव सोडलं नाही. तिला अंघोळ घालणं, वेणी घालणं, पेज भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. रात्रीचासुद्धा गजर लावलेला असायचा. वेणी मात्र कधीच सरळ जमली नाही त्यांना. आजीला बोलता यायचं नाही, पण आरसा दाखवला की ती हसायची.

आता पुन्हा कपोताकडे. त्याचा विलाप नीट वाचा, घाईत पुढे जाऊ नका. मी अतृप्त राहिलो, माझं घर मोडलं, मला रिकाम्या घरात टाकून ही मुलांना घेऊन चालली, आता मी कशासाठी जगू. पिल्लांना काय होतंय, तिला किती दुखतंय, याबद्दल त्या विलापात काही नाही. सगळं मी आणि माझं. मला वाटतं भागवताचा रोख इथे आहे. कपोताने फार प्रेम केलं हा त्याचा दोष नाही. त्या प्रेमाचा मालक तो होता, आणि मालकी गेल्यावर त्याच्याकडे काहीच उरलं नाही. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर त्याला मिळाला होता ॲक्सेस आणि तो समजत होता ओनरशिप.

हे मी सोयीने लावलेलं नाही. याच स्कंधाच्या सतराव्या अध्यायात भगवान उद्धवाला गृहस्थाचा धर्म सांगतात. बायको, मुलं, आप्त यांची गाठ म्हणजे वाटेवर भेटलेल्या प्रवाशांची गाठ. घरात पाहुण्यासारखं राहावं. घरातली कामं करता करताच जो माझं भजन करतो, तो घरी राहो नाहीतर वनात जावो, दोन्ही चालेल. आणि लगेच पुढे इशारा: माझे म्हातारे आईबाप, माझी बायको, माझी लेकरं, माझ्याशिवाय यांचं कसं होणार, असं रडत बसणारा बुडाला. म्हणजे कपोतच, फक्त माणसाच्या रूपात.

आणि हे मराठीत सांगणारं कोण? नाथमहाराज! स्वतः पक्के संसारी. लहानपणीच आईवडील गेले, आजोबा चक्रपाणींनी वाढवलं. पुढे ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. परंपरा सांगते की स्वामींनी पत्र लिहून त्यांना पैठणलाच थांबवलं, म्हाताऱ्या आजीआजोबांपाशी, आणि लग्न करायला सांगितलं. गुरूची आज्ञा काय, तर घरी राहा! गिरिजाबाईंसोबत त्यांनी भरला संसार केला. मुलगा हरिपंडित वडिलांच्या वागण्यावर नाराज होऊन काशीला निघून गेला, तर त्याच्या अटी मान्य करून त्याला परत आणलं, असंही सांगतात. मुलीचा मुलगा मुक्तेश्वर पुढे मोठा कवी झाला. संसारात राहूनच १५७३ साली काशीत त्यांनी हा ग्रंथ पुरा केला. कपोताची गोष्ट त्यांनी वगळली नाही, सौम्यही केली नाही. घरात राहणाऱ्याला तिची भीती वाटायची गरज नव्हती, असं मी धरतो.

आबा अगदी निर्मोही होते असं मात्र मी म्हणणार नाही. मी पुण्याहून येणार म्हटलं की गाडीच्या तासभर आधी स्टँडवर. गाडीला उशीर झाला तर कंट्रोलरशी भांडण, जणू डेपो अजून यांचाच. नातवाचा फोन दोन दिवस नाही आला की जेवण उतरायचं नाही.

पण आजी गेली त्यानंतरचं सांगतो. चौदाव्या दिवशी आबांनी तिची खाट, बेडपॅन, हवेची गादी असं सगळं टेम्पोत घातलं. गल्लीच्या टोकाला एका घरात अशाच एक म्हातारबाबा पडून होते, तिथे नेऊन दिलं. नुसतं देऊन आले नाहीत. त्या घरातल्या मुलाला तिथे बसवून शिकवलं, कूस कशी बदलायची, टाच अधांतरी राहावी म्हणून पोटरीखाली उशी कशी द्यायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय बघत राहायचं. पुढे आठवडाभर रोज जायचे, मुलगा चुकतोय का बघायला. ज्या घराचा आधार गेला, त्या घरातून त्यांचे हात दुसऱ्याच्या कामाला निघाले होते. कपोताला हे सुचलं नसतं, कारण त्याची सगळी माया एका घरट्यापुरती मोजलेली होती.

जाण्याआधी तीनचार महिने त्यांनी बाबांना एक वही दिली. विम्याचे कागद कुठे, लाइट बिलाचा ग्राहक क्रमांक, दूधवाल्याचा हिशोब, आजीच्या बहिणीला दर दिवाळीला साडी. माझ्याशिवाय यांचं कसं होणार, हा प्रश्न त्यांनाही पडलाच होता. त्यांनी तो वेबिल भरावं तसा रकान्यांत भरून टाकला आणि हातावेगळा केला. तीस वर्षं रोज माणसांना त्यांच्या थांब्यावर उतरवणाऱ्याला आपलाही थांबा येणार हे वेगळं शिकवावं लागलं नसावं.

देवाधर्माचं राहूनच गेलं, या वाक्याला घाटावर कोणी उत्तर दिलं नाही. बाबा फक्त पिंडाला पाणी घालत होते. या फाल्गुनात षष्ठीला बाबा आणि मी शेवगावहून पैठणला जाणार आहोत, एसटीनेच. आबांचा पंच बरोबर घेऊ, असं बाबांनी ठरवलंय. तो नाथांच्या पायांशी ठेवायचा की नुसता दाखवून परत आणायचा, यावर आमचं अजून एकमत नाही.

उद्या आठवा अध्याय, अजगर.

राम कृष्ण हरी.