इथ्रोची टीका, मिर्यामची टीका



अर्धे पत्र टाकून मी दुसऱ्याच फायलीकडे वळत असे. "यांना जबाबदारीच नाही," हे शब्द कार्यालयात वारंवार कानी पडत. बेचाळिसाव्या वर्षी मनोविकारतज्ज्ञांनी एडीएचडीचे निदान केले. ही अवस्था बालपणापासूनची, मेंदूच्या घडणीतली आहे. तो आळस नव्हे, अश्रद्धाही नव्हे. तरी 'मी निरुपयोगी' हा आतला आवाज औषधाने लगेच निवाला नाही.

मोशेलाही स्वतःचा भरवसा नव्हता. आपल्याला बोलता येत नाही, असे त्याने जळत्या झुडपापुढे सांगितले (निर्गम 4). देवाने तेथल्या तेथे त्याची जीभ मोकळी केली, असे आपण वाचत नाही; त्याने सोबतीला अहरोन दिला. आम्ही उपदेशक हे फार घाईने वाचून पुढे जातो.

पुढे इथ्रोने मोशेची चूक दाखवली, आणि हजार, शंभर, पन्नास व दहा लोकांवर नायक नेमण्याचा मार्गही सांगितला (निर्गम 18). मोशेने ऐकले. मिर्याम आणि तोच अहरोन मात्र त्याच्या पत्नीवरून त्याच्याविरुद्ध बोलले (गणना 12). मोशेने स्वतःचे समर्थन केल्याचे तेथे दिसत नाही. मिर्यामला कोड फुटले तेव्हा त्याने तिच्यासाठी देवाचा धावा केला. ती प्रार्थना मला अजून जमत नाही.

इथ्रो मात्र मला भेटला. एक ज्येष्ठ सहकारी एकांतात म्हणाले, "तोंडी काम घेऊ नका, लिहून घ्या. दुपारी आपण यादी पाहू." रोज तीन वाजता आम्ही दोघे ती वही उघडतो.