पस्तीस हेलपाटे

आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात किरणोपचार हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. ‘लाइट घ्यायला जायचंय’ असं म्हणतात. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरला असे तीस-पस्तीस लाइट लागतात. आठवड्याला पाच, सहा-सात आठवडे. टेबलावर उताणं निजायचं. गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बेतलेला जाळीचा मास्क टेबलाला खटाखट अडकवतात, मान तसूभर हलत नाही, आणि काही मिनिटांत सुटका. त्या काही मिनिटांपायी अख्खा दिवस जातो. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, पेजही घशाखाली उतरत नाही. तरी उद्याची गाडी धरायचीच.

जगात या उपचारातली विषमता यंत्रांच्या संख्येवर मोजतात. ते मोजायलाच हवं. कॅन्सरच्या जवळपास निम्म्या रुग्णांना कधी ना कधी किरणोपचार लागतात, आणि 2022मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ‘रेज ऑफ होप’ उपक्रम सुरू केला तेव्हा आफ्रिकेतल्या वीसहून अधिक देशांत एकही यंत्र नव्हतं. पण सीमेवरच्या कोगनोळीच्या टोलनाक्यावर उभं राहिलं की हा हिशेब तोकडा वाटतो. दूधगंगा नदी ओलांडली की कोल्हापूरच्या वाटेवर गोकुळ शिरगावात कॅन्सर सेंटर आहे. बेळगावात केएलईच्या कॅन्सर रुग्णालयाचं उद्घाटन जानेवारी 2025मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते झालं. यंत्र दोन्ही अंगांना आहे. अडतं ते पस्तिसाव्या दिवसापर्यंत पोचण्यात.

निपाणी भागात विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. विड्या वळल्या नाहीत तर मजुरी नाही. लाइट घ्यायला तिच्यासोबत जाणाऱ्या लेकाचाही रोज बुडतो. म्हणजे पस्तीस लाइटांचे सत्तर रोज. उपचार सरकारी योजनेतून फुकट झाले तरी हे सत्तर रोज कुठल्याच योजनेच्या कागदावर नसतात. आणि मध्येच खंड पडला, तर गाठीला पुन्हा वाढायला सवड मिळते. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार एकेक दिवस लांबला की आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते.

वर ही सीमा. कोल्हापूर जवळचं, रेशनकार्ड कर्नाटकाचं. महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं महाराष्ट्राने 2023मध्ये ठरवलं, तर कर्नाटकातून विरोध झाला. सीमावादात माझं मत पक्कं आहे. पण मास्कखाली निजलेल्या माणसाला त्या वादात ओढणं मला अमानुष वाटतं. 2021मध्ये, कोरोनाच्या साथीत, याच कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद नसेल तर गाड्या परत पाठवत होते. रोजच ये-जा करणाऱ्या रुग्णाला नाका बंद होणं म्हणजे काय, हे तेव्हा तरी कळायला हवं होतं.

विज्ञानाने आपल्या बाजूने हेलपाटे कमी करून दाखवलेत. अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने दहा देशांत झालेल्या हिप्नो चाचणीत डोक्या-मानेच्या कॅन्सरला तेहतीसऐवजी वीस लाइट दिले, तरी गुण तितकाच आला. स्तनाच्या कॅन्सरला, योग्य रुग्ण निवडून, पाच लाइटही पुरतात, हे 2020मध्ये ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीने दाखवलं. कुणाला किती, हे डॉक्टरच ठरवतील. पण ‘कमीत भागेल का?’ हे रुग्णाने विचारलंच पाहिजे, आणि त्याचं नीट उत्तर मिळालं पाहिजे.

दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांकडे माझं मागणं एवढंच आहे: कार्ड कुठल्याही बाजूचं असो, लाइट जवळच्या यंत्रावर मिळावेत, रुग्णाच्या आणि सोबत्याच्या बुडालेल्या रोजाची भरपाई व्हावी, आणि किती यंत्रं बसवली याच्या शेजारी, किती जणांचे लाइट पुरे झाले तो आकडाही दरवर्षी छापावा.