थकव्याला दाखला लागतो

लोकलच्या लेडीज डब्यात, सोसायटीच्या हळदीकुंकवाला किंवा भिशीच्या दिवशी चार बायका जमल्या की कधी ना कधी विषय गोळीवर येतो. "मला पंचाहत्तरची आहे, तुझी किती?" गोळी कशाची, हे सांगावंही लागत नाही. मधुमेहाच्या गोळीबद्दल इतका मोकळेपणा मी क्वचितच पाहिला आहे, मनाच्या आजारावरच्या गोळीबद्दल तर नाहीच. थायरॉइड सर्रास आढळतो म्हणून असं होतं, हे उत्तर काही अंशी खरं आहे. मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणी झालेली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत १०.९५ टक्के प्रौढांची थायरॉइड ग्रंथी मंदावलेली आढळली. बायकांत हे प्रमाण १५.८६ टक्के होतं, पुरुषांत ५.०२. पण नुसतं प्रमाण मोठं असल्याने एखाद्या आजाराला असा मान मिळत नाही. रक्तक्षय याहून कितीतरी जास्त बायकांना आहे, तरी भिशीत कुणी आपलं हिमोग्लोबिन सांगत बसत नाही. मला वाटतं, थायरॉइडने आपल्या घरांमध्ये एक जादाचं काम अंगावर घेतलं आहे. बाईच्या थकव्याला तो दाखला पुरवतो.

आजार म्हणून तो समजायला फार अवघड नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला वीसेक ग्रॅम वजनाची ही ग्रंथी असते. अन्नातलं आयोडीन वापरून ती थायरॉक्सिन तयार करते आणि शरीरातल्या पेशींनी किती वेगाने काम करायचं ते या हार्मोनवर ठरतं. ते कमी पडू लागलं की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच हे आपलं हार्मोन वाढवते आणि थायरॉइडला कामाला लावू पाहते. म्हणून टीएसएच वाढला याचा अर्थ थायरॉइड कमी पडतो आहे असा होतो. रिपोर्ट पहिल्यांदा हातात पडतो तेव्हा नेमका इथेच गोंधळ उडतो. मीठ आयोडीनयुक्त असलेल्या भागांत थायरॉइड कमी पडण्यामागचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेने आपल्याच ग्रंथीवर केलेला हल्ला. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने १९१२ साली अशा चार रुग्णांच्या ग्रंथींचं वर्णन केलं. चारही रुग्ण बायका होत्या.

हा आजार बहुधा बरा होत नाही, तो चालवावा लागतो. आणि चालवता येतो, हे भाग्यच म्हणायचं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने १८९१ साली एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. तिचा सुजलेला चेहरा उतरला, जड झालेली जीभ सुटली, अंगातली मरगळ गेली. त्यानंतर ती २८ वर्षं जगली. त्याआधी अशा रुग्णाला देण्यासारखं डॉक्टरकडे काहीच नव्हतं. आज तेच हार्मोन प्रयोगशाळेत बनतं आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतं. गोळीला नावं ठेवण्याआधी एवढं तरी लक्षात ठेवायला हवं.

मात्र आजार चालवणं हेही कामच असतं. ज्युलिएट कॉर्बिन आणि ॲन्सेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९८५ साली घरच्या घरी आजार सांभाळणाऱ्यांचा विचार करताना त्यांच्या कामाचे तीन भाग पाडले: आजाराचं काम, रोजच्या जगण्याचं काम आणि आपल्या आयुष्याची गोष्ट नव्याने जुळवण्याचं काम. थायरॉइडमध्ये पहिला भाग लहानसा दिसतो. गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा अर्ध्या-एक तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर. डोस बदलला की सहा आठवडे थांबून पुन्हा रक्त द्यायचं, कारण शरीरातलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायलाच आठवडा लागतो. दिवस राहिले की डोस वाढवून घ्यायचा. कागदावर हे सोपं आहे. पण घरातला पहिला चहा जिने टाकायचा तिनेच तो अर्धा तास तोंडाला लावायचा नाही, शेजारी डबे भरायचे, आणि हरतालिकेच्या निर्जळी उपासाला गोळीपुरतं पाणी चालतं का हे सासूबाईंना विचारायचं, की न विचारताच घोट घ्यायचा, हे ठरवायचं. ही कामं लहान असतात आणि रोजची असतात. ती कुणी कामात धरत नाही.

ती धरली जात नाहीत याचं एक कारण टॅल्कॉट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या मांडणीत सापडतं. आजारी माणसाला समाज एक भूमिका देतो, असं त्याने १९५१ साली म्हटलं. त्या भूमिकेत कामातून सूट मिळते आणि आजारपणाचा दोष रुग्णाला दिला जात नाही. बदल्यात रुग्णाने बरं व्हायची इच्छा धरायची आणि डॉक्टरचं ऐकायचं. हा करार टायफॉइडला किंवा मोडलेल्या हाताला चपखल बसतो. थायरॉइडचा रुग्ण मात्र डॉक्टरचं सगळं ऐकूनही कायमचा मोकळा होत नाही, आणि अंथरुणाला खिळत नाही म्हणून त्याला सूटही मिळत नाही. "थायरॉइडच ना? हल्ली सगळ्यांनाच असतो," एवढ्यावर ते बोलणं संपतं.

संपत नसेल तर पुढच्या रिपोर्टला संपतं. टीएसएच कक्षेत आला की डॉक्टर सांगतात, सगळं नॉर्मल आहे. रुग्ण म्हणते, मग मला बरं का वाटत नाही? हा प्रश्न कुरकुरीचा नाही. गोळी चालू असून, टीएसएच कक्षेत असूनही सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांच्या तक्रारी टिकून राहतात, हे तज्ज्ञही मान्य करतात. शिवाय रिपोर्टवर छापलेली कक्षा सगळ्यांची मिळून काढलेली असते. डेन्मार्कमध्ये १६ निरोगी पुरुषांचं रक्त वर्षभर दर महिन्याला तपासलं गेलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की एकेका माणसाचे आकडे या कक्षेच्या साधारण निम्म्या रुंदीतच फिरतात. म्हणजे आकडा कक्षेत असूनही तो त्या माणसाचा नेहमीचा असेलच असं नाही.

तरीही आकड्याला खलनायक ठरवणं मला पटत नाही. टीएसएच अचूक मोजता येत नव्हता तेव्हा डोस रुग्णाच्या सांगण्यावर आणि डॉक्टरच्या अंदाजावर चाले आणि बरेचदा गरजेपेक्षा जास्त होई. जादा हार्मोनने हुशारी वाटते, वजन उतरतं, आणि काही वर्षांनी हृदयाची लय बिघडते, हाडं ठिसूळ होतात. नुसत्या 'वाटण्या'वर उपचार केला तर काय होतं हे वैद्यक अनुभवून शिकलं आहे. आकड्याने हजारो हृदयं वाचवली. पण जे मोजण्यासाठी तो काढला त्यापलीकडचे निकालही आपण त्याच्याकडून मागू लागलो आणि अडचण झाली.

कारण आपल्याकडे चूक दोन्ही बाजूंनी होते. एकीकडे रिपोर्ट नॉर्मल आला की तक्रार खोटी ठरते. दुसरीकडे एकदा थायरॉइड निघाला की केस गळणं, चिडचिड, गुडघे, विसराळूपणा, वाढलेलं वजन, सगळं त्याच्याच नावावर चढतं. ग्रंथी मंदावल्याने वाढणारं वजन साधारणपणे दोन ते चार-साडेचार किलोच असतं आणि त्यातला बराच भाग क्षार आणि पाण्याचा असतो, हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. मग धन्याचं पाणी सुरू होतं, कोबी-फ्लॉवर बंद होतो, थायरॉइड मुळापासून घालवण्याचे कोर्स घेतले जातात. साधं मीठ सोडून महागडं सैंधव आणलं जातं. शिजवलेल्या कोबीने बेताच्या खाण्यात काही बिघडत नाही. मिठाची गोष्ट जास्त गंभीर आहे. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला आणि गलगंड कमी होतो हे दाखवून दिलं. त्यातून १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. एवढ्या कष्टाने घरोघर पोचलेलं आयोडीन आपण आरोग्याच्या नावाखाली परत करतो आहोत.

हे सगळं अज्ञानातून होतं, असं म्हणून मोकळं होता येईल. मला ते अपुरं वाटतं. शिकलेल्या, विचारी बायकाही या निदानाला घट्ट धरून असतात, मीही काही काळ होते, आणि त्यामागे एक व्यवहार असतो. आपल्या घरांत बाईचं दमणं हे कारण म्हणून चालत नाही. "आज मला होत नाही," असं ती म्हणाली की लगेच विचारणा होते: का, काय झालं? झालेलं काहीच नसतं. पहाटेपासून ती कामात असते, एवढंच. देशाच्या २०२४ सालच्या वेळवापर पाहणीनुसार घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ८८. नोकरी, प्रवास, मुलांचा अभ्यास आणि म्हाताऱ्यांचं करणं यांचा हिशेब यापुढचा. त्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे थकायला कारणं भरपूर आहेत. त्यांपैकी लॅबच्या छापील कागदावर, ठळक अक्षरांत, घरातल्या सगळ्यांनी मान्य करावं असं कारण मात्र थायरॉइडच मिळवून देतो. "तिला थायरॉइड आहे ना," असं म्हणताना नवऱ्याचा आवाजही मऊ होतो.

हा दाखला चालतो, पण त्याची मुदत फार थोडी असते. टीएसएच नॉर्मल आला की तो रद्द होतो आणि थकवा होता तिथेच राहतो. २०१७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका चाचणीचे निष्कर्ष आले. ६५ वर्षं वा त्यापुढच्या वयाच्या, टीएसएच थोडासाच वाढलेल्या ७३७ जणांपैकी काहींना थायरॉक्सिन दिलं, काहींना औषध नसलेली गोळी. थायरॉक्सिन घेणाऱ्यांचा टीएसएच खाली आला. थकव्यात मात्र दोन गटांत फरक दिसला नाही. ती माणसं परदेशातली आणि वयस्क होती, म्हणून निष्कर्ष सरसकट आपल्याला लावू नये. आणि टीएसएच खूप वाढलेल्याने किंवा गर्भवतीने गोळी सोडणं तर धोक्याचंच. पण आकडा दुरुस्त होतो आणि थकवा तसाच राहतो, ही गोष्ट घडते. अशा वेळी कारण दुसरीकडे शोधावं लागतं: हिमोग्लोबिनमध्ये, बी-१२मध्ये, झोपेत, उदासपणात. आणि घरातल्या कामाच्या वाटणीत.

हाच दाखला लग्नाच्या बाजारात उलटा पडतो. मुलीला थायरॉइड आहे हे स्थळ पाहताना सांगावं की नाही, यावर घराघरांत कुजबूज चालते. गोळी वेळेवर घेतली तर मूल होण्यात सहसा अडचण येत नाही, हे माहीत असलेली माणसंही सांगताना अडखळतात. भिशीत मोकळेपणाने सांगितला जाणारा आजार तिथे व्यंग ठरतो. पुरुषांचं तिसरंच. त्यांच्यात प्रमाण कमी आहे, पण शून्य नाही. बायकांचा आजार म्हणून त्यांची तपासणी उशिरा होते, सुस्ती कामाच्या ताणावर ढकलली जाते. एकाच ग्रंथीच्या एकाच बिघाडाचा अर्थ तो कुणाच्या गळ्यात आहे त्याप्रमाणे बदलतो.

मग करायचं काय? रुग्णाने गोळी नेमाने घ्यावी, रक्त वेळेवर तपासावं आणि उरलेल्या तक्रारी थायरॉइडच्या नावावर न टाकता वेगळ्या मांडाव्यात. डॉक्टरांनी, टीएसएच नॉर्मल आहे असं सांगितल्यानंतर, आणखी दोन प्रश्न विचारावेत: उठता किती वाजता, आणि झोपता किती वाजता? पुष्कळदा पुढची तपासणी कोणती हे त्या उत्तरांतून कळेल. घरातल्यांचं काम सगळ्यात अवघड आहे. बाई म्हणाली की मी दमले, तर तिच्याकडे रिपोर्ट न मागता ते खरं मानायचं आणि त्या दिवसाचं काम वाटून घ्यायचं. त्यातल्या काहीजणींना थायरॉइड असेल, काहींना नसेल, आणि वाटणी करायला ते कळण्याची गरज नाही. असं होऊ लागलं तर थायरॉइडचा बडेजाव आपोआप कमी होईल. ज्यांना तो खरोखर आहे त्यांच्या तक्रारीही मग जास्त गंभीरपणे ऐकल्या जातील, कारण त्या आजाराला घरातल्या सगळ्या थकव्याची वकिली करावी लागणार नाही.