बीव्हरचं खातं

नाण्यावर कोणाचं चित्र असावं, याबद्दल माझी काही ठाम मतं आहेत. बावीस वर्षं बँकेत कारकुनी केल्यावर माणसाला दुसऱ्या कशाबद्दल मत उरत नाही. सिंह असावा, राजा असावा, गेला बाजार गव्हाची ओंबी तरी असावी. पण टोरांटोहून आलेल्या मेव्हण्याने आमच्या चिरंजीवांच्या हातावर जे पाच सेंटचं नाणं ठेवलं, त्यावर चक्क एक घूस बसली होती.

"घूस नाही हो दाजी, बीव्हर! १९३७ पासून बसलाय तिथे."

मी कॉमर्सचा माणूस. प्राणिशास्त्राशी माझा संबंध झुरळापुरता. तरी चार पुस्तकं चाळली आणि थक्क झालो. हा प्राणी म्हणजे पाटबंधारे खात्याचा बिनपगारी इंजिनिअर. दातांनी झाड पाडायचं, फांद्या, चिखल, दगड रचून ओढ्याला बांध घालायचा. मागे तळं साचलं की त्यात घर. दार पाण्याखाली, म्हणजे लांडगा आला तरी काठावर ताटकळणार. बीव्हरचा हेतू एवढाच. पण अडलेलं पाणी जमिनीत मुरतं, पुराचा जोर ओसरतो, उन्हाळ्यात ओढा वाहता राहतो. बेडूक येतात, मासे येतात, बदकं येतात. वणवा लागला तरी ती ओली पट्टी बहुधा हिरवी राहते. मेहनत एकट्याची, व्याज सगळ्यांना!

अशा प्राण्याचं माणसाने काय केलं? टोप्या केल्या. त्याच्या मऊ लोकरीचं फेल्ट उत्तम होतं, आणि युरोपातल्या साहेबाला डोकं नसलं तरी चालायचं, हॅट लागायची. १६७० साली निघालेल्या हडसन्स बे कंपनीच्या व्यापारात तर बंदुकीचा नि कांबळ्याचा भाव बीव्हरच्या कातड्यांत सांगत. म्हणजे नाण्यावर बसण्याआधी हा बिचारा स्वतःच नाणं होता! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-आशियात मिळून जेमतेम १२०० उरले. ब्रिटनमधले तर त्याच्या कितीतरी आधीच संपले होते. मग २००९ साली स्कॉटलंडने नॉर्वेहून आणून सोडले, आणि २०२२ पासून इंग्लंडात त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं.

झेक देशात तर कमाल झाली. ब्रदी भागातल्या ओढ्यांवर बांध घालायची सरकारी योजना परवान्यांच्या कागदांत सात वर्षं अडकली होती. २०२५ च्या सुरुवातीला बातमी आली, की बीव्हरांनी ते काम परस्पर उरकलंसुद्धा. सरकारचे सुमारे तीन कोटी क्राउन वाचले. ना टेंडर, ना अर्जाच्या तीन प्रती!

हे सगळं मी जेवताना रंगवून सांगितलं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, म्हणजे उपयोग आहे म्हणून त्याला वाचवायचं?"

"अर्थात!"

"पण टोपीसाठीही उपयोगच होता ना?"

घास हातातच राहिला. खरंच की! ज्या वहीत 'उपयोगी' असं लिहून त्याला मारलं, त्याच वहीत 'उपयोगी' असं लिहून आता जगवतोय. उद्या पान उलटलं की संपलं. नावे बाजूलाही रकमा आहेतच. शेतात पाणी शिरतं, झाडं कुरतडली जातात. शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. त्याची भरपाई लांब बसून कौतुक करणाऱ्या आपल्यासारख्यांनी द्यायला हवी. १९४६ साली अर्जेंटिनाने फरच्या लोभाने काही बीव्हर पार दक्षिण टोकाच्या बेटावर नेऊन सोडले. तिथे ना लांडगे ना अस्वलं, आणि झाडंही अशी की तोडली की पुन्हा फुटत नाहीत. जंगलंच्या जंगलं आडवी झाली. तिथेही दोष बीव्हरचा नाही, कातड्याच्या हिशेबाचा.

आमच्या धंद्यात एक गोष्ट बरी आहे. ठेवीदाराला आम्ही "तुमचा उपयोग काय?" असं विचारत नाही. (तो मात्र आम्हाला रोज विचारतो.) ठेव त्याची असते, म्हणून सांभाळायची. ते उत्तरेकडचे ओढे ही बीव्हरची ठेव आहे. माणूस तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीची. व्याज आपण खातो, ते ठीक. मुद्दलावर हक्क सांगू नये.

"अहो, ह्या नाण्याचे आपले किती होतील?" सौ.ने ताटं उचलता उचलता विचारलं.

"तीनेक रुपये."

"एवढेच?"

त्या कातड्याचा भावही कुणीतरी असाच विचारला असेल. मी नाणं उचललं आणि चिरंजीवांच्या हातात परत दिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच, पावती न घेता.