घोट्याचा भरवसा

दसरा झाला की तुळजाभवानी मंचकी निद्रेला जाते, आणि कोजागिरीला पोचायचं म्हणून आमच्या उमरग्यातून माणसं पायी निघतात. येणेगूर, जळकोट, नळदुर्ग, मग तुळजापूर. सतराव्या वर्षापासून मीही जायचे. एका वर्षी जळकोटच्या पुढे उजवा पाय मुरगळला. मग तो मुरगळतच राहिला : बांधावर, शाळेच्या पायरीवर, कधी सपाट फरशीवरसुद्धा.

सोलापूरच्या डॉक्टरांनी आधी सहा महिने व्यायाम करवले. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं, माझं भागलं नाही. मग शस्त्रक्रिया. घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे सैल पडलेले लिगामेंट आखडून पुन्हा टाचायचे, ही रीत स्वीडनच्या ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ साली मांडली. १९८०मध्ये गूल्ड यांनी शेजारचा पडदा वरून ओढून घ्यायची भर घातली. “हाडातल्या बारीक खुंट्या सोडल्या तर बाहेरचं काही नाही,” डॉक्टर म्हणाले, “तुमचंच तुम्हाला बांधून दिलंय.”

सहा आठवड्यांनी त्यांनी पाय ओढून, वळवून पाहिला. घट्ट होता. मला ते पटलंही. तरी पाऊल टाकताना हात भिंतीकडे जायचा. लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नव्हे. पाय कुठे, कसा टेकलाय हे मेंदूला कळवणारे मज्जातंतू त्यात असतात, आणि तो फाटला की निरोपही बिघडतो. मनाला पटलं आणि पायाला पटत नाही, तर मग श्रद्धा राहते कुठे?

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्यात कोसळलेलं सास्तूर तेव्हा आमच्याच तालुक्यात होतं. आमच्या घराची एकच भिंत फाटली. वडिलांनी ती उतरवून सिमेंटात बांधली, पण आज्जीनं दोन पावसाळे अंगणातल्या पत्र्याखाली काढले. मग एका रात्री कुणी न सांगता ती वाकळ उचलून आत आली. मी विचारलं, “आज्जी, भ्या गेलं का?”

“न्हाई गेलं. पर आत निजल्याबिगर जाईल कसं?”

गीतेच्या बाराव्या अध्यायात चित्त स्थिर होत नसेल तर अभ्यासानं ये, असं सांगितलंय. ज्याला वरची पायरी जमत नाही त्याच्यासाठीची ती सवलत, असंच मी वर्षानुवर्षं समजत होते. आता मला तसं वाटत नाही. आज्जीला भरवसा आधी आला नव्हता. आधी ती वाकळ घेऊन आत आली होती.

आईचं म्हणणं, पाय बरा झाला तर अनवाणी जाण्याचा नवस बोल. मी नाही म्हणाले. जे मला रोज उभं राहून करायचंय, ते देवीच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं मला बरोबर वाटत नाही. आईला ते लागलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

यंदा बूट घालून येणेगूरपर्यंत जाईन, पुढे एसटीनं.

सकाळी मी आज्जीच्या वाकळेची चौघडी करते, तिच्यावर उजव्या पायानं उभी राहते, डोळे मिटते. घोट्यात बारीक थरथर सुरू होते. आई देवपूजा अर्धी टाकून शेजारी येते. धरत नाही, नुसता हात जवळ ठेवते, आणि मोजते. काल बावीस झाले.