शून्य आणि चंद्र

कोजागिरीच्या रात्री ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवर, आटीव दूध निवत होते आणि पुतण्या नवा महागडा फोन पारखत होता. बॅटरी दिवसभर टिकली होती. अंधारातला किल्लाही स्वच्छ उमटला. मग त्याने चंद्र टिपला. "काका, डाग न् डाग दिसतोय!"

मला २०२३ सालचा एक प्रयोग आठवला. एकाने चंद्राचे मुद्दाम पुसट केलेले चित्र पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने टिपले, तर मूळ चित्रात नसलेले बारकावे छायाचित्रात अवतरले. चंद्र ओळखून कृत्रिम बुद्धिमत्ता तपशील ठळक करते, असे कंपनीनेही सांगितले.

याला असत्य म्हणावे काय? चंद्रावर डाग तर आहेतच. पण त्या भिंगाने ते पाहिले नव्हते.

आमच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरातील इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० हा आकडा कोरलेला आहे. त्यातले शून्य सांगते, 'येथे काही नाही.' रिकामी जागा रिकामीच दाखवण्याचा केवढा हा प्रामाणिकपणा!

मी मात्र आजवर, येत नाही म्हणून उत्तर कोरे सोडणाऱ्याला शून्य दिले आणि न समजता पाठ केलेले उतरवणाऱ्याला गुण. मग फोनला नावे ठेवण्याचा अधिकार मला कितीसा?