विनावेतन उमेदवारी : दान की वेठ?



आमच्या थळच्या वस्तीतील, माझ्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी यंदा पदवीधर झाली. तिला नाटकाची ओढ आहे. मुंबईतील एका प्रायोगिक कलासंस्थेने तिला सहा महिने उमेदवारीवर बोलाविले आहे. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत खुर्च्या मांडणे, पत्रे लिहिणे, पाहुण्यांची सोय पाहणे हे काम. वेतन नाही, शेवटी प्रमाणपत्र. वडील म्हणाले, "वेठ आम्ही सोडली, ती आता पोरीने करायची?" आई म्हणाली, "शिकायचं तर थोडं सोसावं लागतं." मग दोघे माझ्याकडे आले. "सर, तुम्ही सांगा." मला लगेच सांगता आले नाही.

वडिलांचा शब्द साधा नाही. महार वतन म्हणजे काय, हे आपल्या घरातील म्हाताऱ्यांना विचारा. इनामाचा तुकडा आणि बलुत्याची भाकर, त्याबदली रात्रंदिवस सरकारची व गावाची कामे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध विधेयक आणले. वतन गेले ते १९५८च्या कायद्याने. संविधानाच्या २३व्या कलमात वेठबिगारीला मनाई आहे. १९८२ साली दिल्लीतील आशियाई खेळांच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, भुकेपोटी माणूस किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबतो तेव्हा तीही सक्तीच. दंडुका दिसलाच पाहिजे असे नाही.

पण मग आपल्याच जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली चवदार तळ्यावर जे गेले, त्यांना कोणी मजुरी दिली होती? पदरची भाकरी बांधून माणसे गेली. त्याला वेठ म्हणाल काय? प्रायोगिक रंगभूमीचेही तसेच. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेत जी नाटके झाली, त्यांतील बहुतेकांनी दिवसा नोकरी केली आणि संध्याकाळी फुकट तालमी केल्या. हौसेने केल्या. तेव्हा नुसते 'पैसे नाहीत' एवढ्यावरून निकाल लागत नाही.

मला फरक दिसतो तो असा. महाडला गेलेला माणूस स्वतःच्या पाण्यासाठी गेला. फळ त्याचे होते. छबिलदासचा नट रंगमंचावर उभा राहत होता, आणि त्याचे पोट दुसरीकडे भरत होते. ही मुलगी खुर्च्या मांडील, आणि नाव संस्थेचे होईल. नको म्हणायची मोकळीक तिला आहे, हे खरे. पण नको म्हटले की पुढचा दरवाजा बंद. दादरला ज्याचे घर आहे, त्याचा मुलगा सहा महिने फुकट राबू शकतो. थळहून मांडवा, तिथून लाँच, रोजचे भाडे. पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद, मग खोली घ्या. जात विचारणारी पाटी दारावर नाही, तरी आत कोण जाणार हे ठरूनच गेले. (विनाअनुदानित शाळांत वर्षानुवर्षे पगाराविना शिकविणारे माझे सोबती हे वाचून हसतील.)

कोणी म्हणेल, धम्मात दानाला मोठे स्थान आहे, श्रमाचे दान करावे. जरूर करावे. पण दान देणारा ठरवितो. घेणाऱ्याने अट घातली की ते दान उरत नाही. आणि सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत ती पाहा : सेवकाला झेपेल तेवढेच काम, अन्न व वेतन, आजारात शुश्रूषा, वेळेवर सुट्टी. काम शिकणाऱ्यालाही काही द्यावे, हे सरकारलाही पटले आहे; महाराष्ट्राने २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तिच्यात पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरविले होते.

तरी 'जाऊ नको' असे मी म्हटले नाही. आपली मुले तिथे दिसलीच नाहीत, तर आपली गोष्ट तिथे दुसराच सांगेल, हीही मला भीती आहे. आम्ही बसून संस्थेला पत्र लिहिले : प्रवासखर्च व जेवण द्यावे, कामाचे तास ठरवावेत, आठवड्यातून दोन दिवस तालमीत बसू द्यावे. वडिलांनी पत्र दोनदा वाचून घेतले आणि 'विनंती' हा शब्द एका ठिकाणी खोडायला लावला. उत्तर अजून यायचे आहे.